वाचकांचे प्रश्न: वकिलाने मुंबईला काय दिलं?

गेल्या अंकात भाड्याच्या केसेसबद्दल लिहिताना मी मधेच एक वाक्य टाकलं होतं, की मुंबईला सगळ्यात मोठी देणगी एका वकिलाने दिली आणि ती पैशात नव्हती. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. भाड्याचे राहिलेले प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेतो.

प्रश्न: काका, तो वकील म्हणजे फिरोजशहा मेहता ना? मी रोज सीएसएमटीला उतरते, महापालिकेसमोर त्यांचा पुतळा दिसतो. पण जेजे हॉस्पिटल म्हटलं की जमशेटजी जीजीभाई, राजाबाई टॉवर म्हटलं की प्रेमचंद रायचंद, हे लगेच कळतं. या माणसाने नेमकं काय बांधलं? – एक विद्यार्थिनी, मुलुंड

बरोबर ओळखलंस बाळा, तेच. आणि बांधलं म्हणशील तर असं बोट दाखवून सांगण्यासारखं काही नाही, म्हणूनच तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण रोज लाखो लोक त्या पुतळ्यासमोरून जातात आणि कुणाच्या मनात हे येत नाही.

फिरोजशहांचा जन्म १८४५ चा, मुंबईतलाच, पारशी व्यापारी घर. त्याच साली ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जेजे सुरू झालं, म्हणजे ज्या काळात पैसेवाले शेठ लोक शहर उभं करत होते त्या काळात हा मुलगा वाढला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ ला बीए झाले. प्रिन्सिपॉल होते सर अलेक्झांडर ग्रँट, त्यांनी या मुलाची शिफारस केली आणि जमशेटजींचे चिरंजीव रुस्तमजी यांच्या स्कॉलरशिपवर तो बॅरिस्टर व्हायला इंग्लंडला गेला. आता बघ गंमत कशी आहे, तिकडे अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईत शेअर बाजार बुडाला, आणि त्यात प्रेमचंद रायचंदांचंही दिवाळं निघालं आणि रुस्तमजींचंही, म्हणजे स्कॉलरशिपचा पैसाच आटला. तरी पोराने लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरीच्या संस्थेतून १८६८ ला बॅरिस्टरी पूर्ण केली आणि परत आला. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींच्या सहवासात राहिला, ते शिक्षण वेगळंच. मला नेहमी वाटतं की एका दात्याचा पैसा एका रात्रीत कसा नाहीसा होतो हे त्याने विशीत स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि पुढे आयुष्यभर तो ज्या गोष्टीच्या मागे लागला ती बाजार पडला म्हणून बुडणारी नव्हती.

तेव्हा मुंबईचा कारभार म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड बघत होते, हो, क्रॉफर्ड मार्केटवाले. कामाचा माणूस. गटारं, रस्ते, मार्केट, सफाई, सगळ्याला हात घातला, पण खर्च इतका केला की तिजोरी रिकामी आणि वर कर्ज. विचारणारं कुणी नव्हतं, कारण नावाला जस्टिस ऑफ पीस मंडळींची, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित लोकांची सभा होती, ती काही रोज हिशेब तपासायला बसत नव्हती. १८७१ मध्ये घरपट्टी भरणारे लोक भडकले आणि क्रॉफर्डना घालवा असा सूर लागला. सव्वीस वर्षांचे फिरोजशहा सगळ्यांच्या विरोधात उभे राहिले. म्हणाले माणूस बदलून काही होणार नाही, व्यवस्थाच अशी आहे की उद्या कुणीही येऊन हेच करेल. काम करायला एकच जबाबदार अधिकारी पाहिजे, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला लोकांनी निवडून दिलेली सभा पाहिजे. धोबी तलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हे भाषण केलं तेव्हा लोकांनी आरडाओरडा करून सभा डोक्यावर घेतली. पण पुढच्याच वर्षी, १८७२ ला, जो कायदा आला त्यात त्यांनी सांगितलेलं बरंचसं होतं. चौसष्ट सभासद, त्यातले बत्तीस करदात्यांनी निवडलेले. मुंबईत लोकांनी शहराच्या कारभारासाठी मत दिलं ते तिथून.

मग आला १८८८ चा कायदा, आणि माझ्या मते खरी देणगी ती. १८८७ मध्ये सरकारने जो मसुदा आणला त्यात कमिशनरला कॉर्पोरेशनच्या बरोबरीने बसवायचा घाट होता. फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघेही तेव्हा मुंबईच्या कायदे कौन्सिलात. त्यांनी कलम न कलम लढवलं. शहराचा कारभार कॉर्पोरेशनचा, कमिशनर तो अमलात आणणार, ही गोष्ट त्यांनी पदरात पाडून घेतली. बहात्तर सभासद झाले, छत्तीस वॉर्डांतून, सोळा त्या जस्टिस ऑफ पीस मंडळींचे, सोळा सरकारचे, दोन युनिव्हर्सिटीचे, दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे. आज २२७ नगरसेवक आहेत, पण कायदा तोच. हजार वेळा दुरुस्त झाला असेल, ठिगळं लागली असतील, पण मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ हेच नाव आजही प्रत्येक नोटिशीच्या डोक्यावर असतं. कोर्टात माझ्या हाताखालून त्याची किती पुस्तकं झिजली, एकाची तर बाइंडिंग उसवून मधली पानं मी सुतळीने बांधून ठेवली होती.

फिरोजशहा चार वेळा कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, १८८४, १८८५, १९०५ आणि १९११. तेव्हा मेयर म्हणत नसत, प्रेसिडेंट म्हणत. पुतळा त्यांच्या जाण्यानंतर, १९२३ मध्ये बसला. ५ नोव्हेंबर १९१५ ला ते गेले.

प्रश्न: १८८८ चा कायदा आज आमच्या काय कामाचा? आमच्या चाळीला महिन्यापूर्वी ३५४ ची नोटीस लागलीय, बायका रडतायत, पुरुष माणसं म्हणतात घर सोडलं की गेलंच. – एक गृहिणी, लालबाग

ताई, हे उत्तर नीट वाचा आणि चाळीतल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

ती जी नोटीस तुमच्या जिन्याच्या भिंतीला चिकटवलीय ना, त्यातलं ३५४ हे त्याच १८८८ च्या कायद्याचं कलम आहे. पडायला आलेली इमारत, तिच्यात राहणाऱ्याला आणि खालून जाणाऱ्याला धोका, तर पालिकेने रिकामी करून पाडायची किंवा दुरुस्त करायला लावायची, हे त्याचं काम. त्यामुळे पहिली गोष्ट, नोटीस म्हणजे तुमच्याविरुद्ध केस नव्हे. दुसरी, नोटिशीत इमारत कुठल्या वर्गात टाकलीय ते बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यालायक नाही, लगेच रिकामी करायची. सी-२ए म्हणजे काही भाग पाडून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालकाने इमारतीच्या मजबुतीचा एक ऑडिट रिपोर्ट आणला आणि तुम्ही वेगळा आणलात आणि दोघांत फरक निघाला तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं, तिला टॅक म्हणतात. मालकाचा रिपोर्ट म्हणजे देवाची रेघ नाही, पण तुमचा रिपोर्ट मान्यताप्राप्त स्ट्रक्चरल इंजिनिअरचा पाहिजे, ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरने लेटरहेडवर लिहून दिलेला चालत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. घर सोडलं की गेलंच, हे खरं नाही. इमारत पालिकेने पाडली तरी भाडेकरूचा हक्क मरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली स्पष्ट सांगितलंय. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टानेही असं घालून दिलं की इमारत पाडण्याआधी पालिकेने कोण कुठल्या खोलीत आहे आणि प्रत्येकाच्या ताब्यात किती कार्पेट एरिया आहे याची नोंद करायची. ही यादी तुमची कवचकुंडलं आहे. वॉर्ड ऑफिसमध्ये जा, बिल्डिंग अँड फॅक्टरी खात्यात, लेखी अर्ज करा, त्यावर आवक शिक्का घ्या, आणि मोजमाप करायला माणूस येईल तेव्हा घरात कुणीतरी मोठं माणूस हजर राहा. माळा असेल, बाल्कनी बंद केलेली असेल, तर ती कधीपासून आहे त्याची पावती, जुना फोटो, लाइट बिल, जे असेल ते काढून ठेवा.

माझ्याकडे फार वर्षांपूर्वी एक आजी आल्या होत्या, परळच्या. त्यांनी १९५० च्या दशकातल्या भाड्याच्या पावत्या पितळी डब्यात ठेवल्या होत्या, वर नॅप्थलीनच्या गोळ्या. त्या डब्याने त्यांची खोली वाचवली. तुमच्या चाळीत असे डबे असतीलच, ते उघडा.

आणि सी-१ असेल तर मात्र राहू नका. पावसाळ्यात तर नाहीच. हक्क कागदावर जिवंत राहतो, आधी माणूस जिवंत राहिला पाहिजे.

प्रश्न: मेहता साहेब गरिबांच्या केसेस फुकट लढवायचे का? – घाटकोपर

फुकट किती ते मी सांगू शकत नाही, पण सुरुवातीला हायकोर्टात इंग्रज बॅरिस्टरांचा जोर, नेटिव्हाला ब्रीफ, म्हणजे केस, मिळणं मुश्कील, त्यामुळे त्यांची प्रॅक्टिस जास्त करून मुंबईबाहेर, गुजरात-काठेवाडकडे झाली. सुरतेत लायसन्स टॅक्सवरून १८७८ मध्ये दंगल झाली तेव्हा आरोपींच्या बाजूने ते उभे होते. गरिबांसाठी लढले असं मला जिथे ठामपणे म्हणता येतं ती जागा कोर्टात नाही, कौन्सिलात आहे. १९०१ ला जमीन महसुलाचं बिल आलं, ज्यात शेतकऱ्याचा जमिनीवरचा हक्क आखडत होता, तेव्हा ते कौन्सिलातून उठून बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर गोखलेही उठले. त्या काळात सरकारच्या तोंडावर असं उठून जाणं म्हणजे काय होतं याची आज कल्पना येत नाही.

प्रश्न: आपल्या मराठी वकिलांचं काय? सगळं श्रेय पारशांनाच का? – निवृत्त शिक्षक, विलेपार्ले

सर, श्रेय वाटायला भरपूर आहे, कमी पडणार नाही. तेलंगांचं नाव मी वर घेतलंच. जन्म १८५०, एल्फिन्स्टनचेच विद्यार्थी, संस्कृतवर असा हात की भगवद्गीतेचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये मॅक्स म्युलरच्या ग्रंथमालेत छापलं गेलं. हा माणूस दिवसा हायकोर्टात हिंदू कायद्यावर आर्ग्युमेंट करायचा आणि इकडे मुद्राराक्षस या संस्कृत नाटकाची आवृत्ती तयार करायचा. १८८९ ला हायकोर्टाचे जज्ज झाले, १८९२ ला मुंबई युनिव्हर्सिटीचे पहिले भारतीय व्हाइस चान्सलर, आणि १८९३ मध्ये गेलेसुद्धा, त्रेचाळिसाव्या वर्षी. माटुंग्याला तेलंग रोडवरून जाताना मला दर वेळी हे वय आठवतं आणि हळहळ वाटते.

दुसरे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक, दापोलीजवळच्या मुरुडचे. हायकोर्टातले नामांकित वकील, १८६४ पासून नेटिव्ह ओपिनियन पत्र काढलं, आणि व्यवहारमयूख या हिंदू कायद्यावरच्या संस्कृत ग्रंथाचं त्यांचं इंग्रजी भाषांतर १८८० चं, हिंदू वारसा कायद्याच्या जुन्या केसेस वाचल्यात तर त्यांचं नाव पानोपानी भेटतं.

आणि तिसरं नाव मराठीही नाही पारशीही नाही, बद्रुद्दीन तय्यबजी. मुंबईतले पहिले भारतीय बॅरिस्टर, १८६७. फिरोजशहा, तेलंग आणि तय्यबजी हे त्रिकूटच होतं. भारतीय न्यायाधीशांना गोऱ्यांचे खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट बिलावरून १८८३ मध्ये टाउन हॉलला जी सभा झाली तिथे तिघेही बोलले. १८८५ ला बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही राजकीय संस्था काढली तीही तिघांनी. एक पारशी, एक मराठी हिंदू, एक मुसलमान, तिघेही वकील. तय्यबजींनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था सुरू करण्यात पुढाकार घेतला, तिच्या शाळेची इमारत आजही सीएसएमटीच्या समोर आहे, स्टेशनातून बाहेर पडलात की एका नजरेत महापालिका आणि दुसऱ्या नजरेत अंजुमन. मुलांना घेऊन जा सर एकदा, आणि तिथे उभं राहूनच हे सांगा, वर्गात सांगण्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

प्रश्न: तुम्ही फारच कौतुक केलंत. हे गृहस्थ मवाळ, टिळकांचे विरोधक, सुरत काँग्रेस फुटली त्यात त्यांचा हात होता. शिवाय त्यांच्या कॉर्पोरेशनमध्ये गिरणी कामगाराला मत होतं का? माझे आजोबा गिरणीत होते. – चेंबूर

नव्हतं. तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मला सदरात यायला हवंच होतं. मत फक्त करदात्यांना, म्हणजे घरमालक, व्यापारी, शिकलेले थोडे. ज्या गिरण्यांवर शहर उभं होतं त्यांतल्या माणसाला, बाईला, झाडूवाल्याला त्या सभागृहात आवाज नव्हता. सगळ्या प्रौढांना मत देऊन महापालिकेची निवडणूक झाली ती १९४८ ला, म्हणजे फिरोजशहांच्या कायद्यानंतर साठ वर्षांनी. तुमच्या आजोबांची उमेदीची वर्षं कदाचित त्या साठांतच गेली असतील. हे मी सारवासारव करून सांगणार नाही.

सुरतेबद्दलही तेच. १९०७ ची काँग्रेस, टिळकांना बोलू देईनात, मंडपात जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा यांना लागला. जहालांना बाहेर ठेवण्यात त्यांचा वाटा होता, आणि माझी टिळकांवर श्रद्धा आहे, त्यामुळे ते पान वाचताना मला आजही त्रास होतो.

पण त्याच १९०७ सालची दुसरी गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या आयुष्याशी जोडलेली आहे. तोपर्यंत मुंबईच्या पोलिसांच्या खर्चाचा बोजा कॉर्पोरेशनवर टाकलेला होता, म्हणजे पोलिस सरकारच्या हुकमातले आणि त्यांचे पैसे शहराने द्यायचे. फिरोजशहा आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं यावर भांडत होते, मुदतीवर मुदती, पत्रांवर पत्रं, कंटाळवाणं काम, यात टाळ्या नसतात. शेवटी १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्याबदल्यात प्राथमिक शिक्षण आणि दवाखान्यांचा भार कॉर्पोरेशनने घेतला.

मी परळच्या म्युनिसिपल शाळेत शिकलो. वडील गिरणीत सांचा चालवायचे. फी नव्हती, पाटी घरून न्यायची, आणि देवीची लस टोचायला पालिकेचा माणूस शाळेतच यायचा, रांगेत माझ्या पुढचा मुलगा रडला की मी डोळे मिटून घ्यायचो. त्या शाळेत माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप गिरणीत होते. ज्या माणसाच्या सभागृहात माझ्या पणजोबाला मत नव्हतं त्याच माणसाच्या भांडणामुळे ती शाळा शहराच्या गळ्यात पडली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी दोन्ही धरून आहे.

प्रश्न: नगरसेवक नसले तरी पालिका चालतेच की, मग कॉर्पोरेशन श्रेष्ठ की कमिशनर यावर एवढं भांडण कशाला? – कांदिवली

मार्च २०२२ मध्ये आपल्या पालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं सभागृह रिकामं, कमिशनरच प्रशासक. रस्ते झाले, बजेटही झालं. पण आपल्या गल्लीतलं गटार तुंबलं तर त्या काळात तुम्ही कुणाच्या दारात गेलात ते आठवून बघा. मी तर आमच्या वॉर्ड ऑफिसमध्ये एकाच कामाला सात खेपा घातल्या, दर वेळी वेगळ्या टेबलावर, आणि कुणालाच पुढच्या वेळी माझं मत लागणार नव्हतं. १८७१ मध्ये धोबी तलावला तो सव्वीस वर्षांचा वकील आरडाओरड्यातून हेच सांगत होता.

प्रश्न: त्यांच्या आठवणी बघायला कुठे जायचं? नातवंडांना सुट्टी आहे. – आजोबा, दादर

फोर्टला फिरोजशहा मेहता रोड आहे, आपण पीएम रोड म्हणतो तोच. मलबार हिलचं हँगिंग गार्डन, त्याचं खरं नाव सर फिरोजशहा मेहता उद्यान. बागेच्या खाली पाण्याचा मोठा जलाशय आहे, दक्षिण मुंबईच्या नळांना पाणी तिथून येतं, ते नातवंडांना सांगा, त्यांना झाडांच्या हत्तीघोड्यांपेक्षा पायाखालच्या पाण्याचं जास्त नवल वाटेल. ते १९११ मध्ये निघालेल्या सेंट्रल बँकेचे पहिले चेअरमन होते आणि बॉम्बे क्रॉनिकल हे वर्तमानपत्रही त्यांनीच काढलं.

आणि महापालिकेची इमारत आतून बघा. २०२१ पासून तिथे सुट्टीच्या दिवशी हेरिटेज वॉक सुरू झाला, निघायच्या आधी चौकशी करून जा, ओळखपत्र बरोबर ठेवा. इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची, ज्याने समोरचं व्हीटी स्टेशन बांधलं तोच. पायाभरणी १८८४ ला लॉर्ड रिपनच्या हस्ते, फिरोजशहा अध्यक्ष असतानाच्या वर्षात, आणि काम पुरं झालं १८९३ ला. मंजूर रक्कम होती ११,८८,०८२ रुपये आणि प्रत्यक्ष खर्च आला ११,१९,९६९. क्रॉफर्ड साहेबांच्या वेळची रिकामी तिजोरी पाहिलेल्या लोकांनी बांधलेली इमारत आहे ती, नातवंडांना दोन्ही आकडे पाटीवर मांडून वजाबाकी करायला सांगा.